कोमापर्यंत ठीक आहे

अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये मोबाईलवर एवढं ओरडणारी बाई दुसरी मिळणार नाही. भांडायला ओरडणाऱ्या खूप मिळतील, आमच्याच बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्याला आहेत. पण शिकवायला, आणि तेही मायेने ओरडणारी एकच, ती म्हणजे आमच्या डोक्यावर राहणाऱ्या सिस्टर. डोक्यावर म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर, त्या चौथ्या. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली, रिटायर झाल्या, एकट्या राहतात. आणि ज्या वयात बाकीच्या बायका भजनी मंडळात जातात त्या वयात यांनी ऑनलाईन कोर्स काढला. कसला? तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं कसं करायचं त्याचा. घरोघरी म्हाताऱ्या-आजाऱ्यांना सांभाळायला ज्या बायका जातात त्यांना शिकवायचं. एक नालासोपाऱ्याची, एक कळव्याची, काही दापोली-मंडणगडकडच्या, आणि एक तर मस्कतला कुठल्या तरी शेठच्या आईला सांभाळते ती. सगळ्या मोबाईलमध्ये छोट्या छोट्या चौकोनात बसलेल्या. आता मी पडलो चौथी नापास. खरं म्हणजे नापासही नाही, परीक्षेच्या दिवशी मी मोरव्याच्या खाडीवर चिखलातले मासे, निवट्या, पकडत होतो. रिक्षा चालवतो, सकाळी शाळेची पोरं सोडतो, दुपारी रिकामा. माझा आणि कोर्सचा संबंध यायचं काही कारणच नव्हतं. आला तो माझ्या झोपेमुळे.

झालं असं, सिस्टरनी शिकवायला पहिल्यांदा एक पुतळा आणला होता. कपड्याच्या दुकानात साडी नेसवून उभा करतात ना, तसला. कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानातून आणलेला. त्याला झोपवला तर तो कमरेत वाकेना, आणि कूस बदलायला गेल्या तर त्याचा हातच खांद्यातून निघून यांच्या हातात आला. तिकडे मोबाईलमध्ये कळव्याच्या बाईने किंकाळी फोडली. ती माझ्या घरात ऐकू आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेटजवळ रिक्षात मागच्या सीटवर झोपलेलो, तोंड उघडं, एक पाय बाहेर. डोळे उघडले तर सिस्टर समोर उभ्या आणि माझ्याकडे अशा बघतायत जसं कोणी मार्केटमध्ये ताजी सुरमई बघावी.

"किती वेळ हाका मारतेय," त्या म्हणाल्या. "हात उचलून सोडला तर धपकन पडला. पाय उचलला, तोही पडला. वर चल."

"काय झालंय मला सिस्टर?" मी घाबरलो.

"काही झालेलं नाही. तेच तर हवंय. अंगात जीव आहे आणि उपयोग काही नाही, असा माणूस मी शोधत होते."

माझ्या बायकोने हे ऐकलं आणि ती म्हणाली, "सिस्टर, लगीन झाल्यापासून मी तेच सांगतंय, कोणाला पटत न्हाय."

तेव्हापासून मी पेशंट. शाळेत ज्याला मास्तरांनी वर्गात घेतलं नाही, तो वर्गाच्या मधोमध पलंगावर. नाव कोणी विचारलं नाही. सिस्टर मला 'पेशंट' म्हणतात आणि बाकीच्या 'पेशंटकाका'.

मोबाईल कुठे लावायचा इथपासून सिस्टरचं वेगळं. बाकीचे ऑनलाईनवाले मोबाईल समोर ठेवतात आणि स्वतःचं तोंड दाखवत बसतात. यांनी पलंगाच्या वर छताला ती कपडे वाळत घालायची पुलीची दांडी असते ना, तिला मोबाईल बांधला. दोरी ओढली की मोबाईल वर, सोडली की खाली. "माझं तोंड बघून काय करणार आहेत? हात बघू देत," म्हणायच्या. त्यामुळे त्या बायकांनी सिस्टरचं तोंड महिनोन्महिने बघितलं नाही. त्यांना दिसायचे ते दोन हात आणि खाली मी. एकदा गाठ सुटली आणि मोबाईल धाडकन माझ्या नाकावर. सगळ्यांना आधी माझ्या नाकपुड्या दिसल्या आणि मग सगळं लाल. मी बोंबलतोय, आणि सिस्टर शांतपणे मोबाईल पुसून म्हणतायत, "बरं झालं. नाकातून रक्त आलं तर काय करायचं ते पुढच्या आठवड्यात घेणार होते, आजच घेऊ. डोकं मागे टाकायचं नाही, पुढे वाकवायचं. बघा."

एका वेळी एकच गोष्ट शिकवायच्या. आज कूस बदलणं तर फक्त कूस बदलणं. चादर उद्या. मी म्हटलं, सिस्टर, चादर पण उरकून टाका, दोन मिनिटांचं काम. तर म्हणाल्या, "समोर असत्या तर उरकलं असतं. मोबाईलमधून दोन गोष्टी दिल्या की एक वाटेतच सांडते." आणि 'कळलं' हा शब्द त्यांच्या कोर्समध्ये बंद. कोणी "हो सिस्टर, कळलं" म्हणाली की सिस्टरचा आवाज चढायचा. "कळलं काय? करून दाखव. सासूला झोपव, दिराला झोपव, कोणी नसेल तर तांदळाची गोण झोपव." त्यामुळे क्लास सुरू झाला की सगळ्या चौकोनांत कोणी ना कोणी आडवं पडलेलं. मस्कतच्या बाईने एकदा शेठच्या ड्रायव्हरला झोपवला. तो मला लांबूनच सलाम करायचा, पेशंट टू पेशंट.

सिस्टरचं म्हणणं, मोबाईलमधून सगळं जातं, पण वास आणि वजन जात नाही. मग ते घरातून घ्यायचं. म्हाताऱ्या माणसाच्या कातडीला कसा हात लावायचा ते शिकवायला त्यांनी सगळ्यांना पिकलेली केळी घेऊन बसवलं. "केळं पुसा. ओल्या फडक्याने. साल फाटली तर म्हातारीची कातडी फाटली समजा." पहिल्या दिवशी सगळ्यांच्या म्हाताऱ्या फाटल्या. नालासोपाऱ्याची तर रडायलाच लागली, कारण ती आधीच एका आजीला सांभाळत होती आणि त्या आजीच्या हाताला जखमा का होतात ते तिला त्या दिवशी समजलं. सिस्टर तिला ओरडल्या नाहीत. दोरी सोडून मोबाईल एकदम खाली घेतला, तोंडाजवळ, आणि हळू म्हणाल्या, "आता होणार नाहीत." बस एवढंच.

माझा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे गप्प बसणं. सिस्टर एखादीला नाव घेऊन प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. पंख्याचा आवाज, खाली भंगारवाल्याची हाक, आणि सिस्टर गप्प. मला ती शांतता सहन व्हायची नाही. मग मीच उत्तर द्यायचो, आणि ते हमखास चुकीचं. "त्यांना विचार करू दे," म्हणत सिस्टर माझा कान पिरगाळायच्या. "आवाज आला नाही म्हणजे नेट गेलं असं नसतं. माणूस आत काहीतरी शोधत असतो." शेवटी त्यांनी माझ्या तोंडाला ती पांढरी कागदी पट्टी लावायला सुरुवात केली. स्पंजिंगच्या दिवशी तर मी काखेत फडकं आलं की खिदळायचो. "अर्धांगाचा पेशंट असा हसत नाही," त्या म्हणायच्या. मी विचारलं, हसतच नाही? तर म्हणाल्या, "हसतो. पण एका बाजूने. तू दोन्ही बाजूंनी हसतोस."

आणि मुद्दाम चुका करायच्या. सांगायच्या नाहीत, करायच्या फक्त, आणि कोण पकडतंय ते बघायचं. एकदा त्यांनी मला खांद्याला धरून ओढायला घेतलं. तसं कधी ओढायचं नसतं, एवढं तर मलाही माहीत होतं, पण माझ्या तोंडाला पट्टी. मी डोळ्यांनी खुणा करतोय, तिकडे सगळ्या चौकोनांत शांतता, आणि सिस्टर ओढतायत, ओढतायत, शेवटी मी पलंगावरून खाली. "माझा पेशंट पडला," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्यातली एकही बोलली नाही." कळव्याची म्हणाली, "सिस्टर, म्यूट काढायला वेळ लागला." सिस्टर म्हणाल्या, "माणूस पडायला वेळ लागत नाही." त्या दिवसापासून सगळ्यांचे आवाज चालू. मग काय विचारता, कोणाचा कुकर, कोणाचं पोर, मस्कतचा एसी, आणि त्या सगळ्या गोंगाटात सिस्टर कोणाचा श्वास कुठला ते ओळखायच्या. खोटं नाही सांगत. त्यातूनच वैशालीचं बाहेर आलं.

वैशाली मंडणगडकडची. तिचा चौकोन कायम काळा. कॅमेरा चालू कर म्हटलं की म्हणायची, नेट नाही सिस्टर, आमच्या गावात आवाजच कसाबसा जातो. सिस्टर तिला वेगळं शिकवायच्या, नुसत्या बोलून. त्यासाठी स्वतः डोळे मिटायच्या, म्हणजे जे दिसत नाही ते आपोआप शब्दांत येतं असं त्यांचं म्हणणं. "तुझा डावा हात त्याच्या गुडघ्याखाली. आला? आता उजवा खांद्यामागे. तुझे पाय लांब ठेव." एक दिवस असं चालू असताना सिस्टर मध्येच थांबल्या. क्लास संपवला, बाकीच्यांना जायला सांगितलं, वैशालीला थांबवून ठेवलं. मी चादरीत गुंडाळलेला, मला कोणी सोडवलंच नाही.

"वैशाली, तू गोण नाही उचललीस," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या हातात माणूस आहे, त्याचा श्वास ऐकू येतोय मला. कोण आहे?"

मी या वेळी पट्टी नसतानाही गप्प होतो.

मग ती बोलली. तिचा नवरा. इथेच मीरा रोडला बिल्डिंगचं रंगकाम करायचा, बाहेरून, दोरीच्या झुल्यावर बसून. दोरी सुटली. जगला, पण कमरेखाली काही राहिलं नाही. हॉस्पिटलने घरी न्या म्हटलं, म्हणून गावी नेला. कोर्सला नाव घालताना तिने सांगितलं होतं, मुंबईला येऊन नोकरी करणार आहे. नोकरीचं सगळं खोटं होतं. तिला फक्त हा एक माणूस सांभाळायचा होता, आणि पडून पडून त्याच्या पाठीला, माकडहाडावर, जखम झाली होती. वास यायचा. घरात कोणी येईना. ती कॅमेरा लावत नव्हती ते नेटमुळे नाही, लाजेने.

"दाखव," सिस्टर म्हणाल्या.

काळा चौकोन उघडला. आधी पत्रा दिसला, मग एक बाई, माझ्या भाचीच्या वयाची असेल, मग तिने मोबाईल खाली केला. मी बघायला नको होतं. मूठ जाईल एवढा खड्डा, आणि तळाला पांढरं काहीतरी. मी तसाच चादरीसकट गॅलरीत गेलो आणि मला उलटी झाली. उलटी झालेल्या पेशंटचं काय करायचं ते सिस्टरनी त्या दिवशी शिकवलं नाही. त्या मोबाईल हातात धरून विचारत होत्या, "वास कसा आहे? आंबट की कुजका? कडा गरम लागतात? ताप आहे?" आणि मग, "उद्या सकाळी तालुक्याच्या डॉक्टरला बोलव नाहीतर याला तिथे ने. मेलेलं मांस तो कापेल. त्याच्यापुढचं आपण दोघी बघू. ही भरते, वैशाली. वेळ लागतो, पण भरते."

मग रोज दुपारी मोठा क्लास संपला की वैशालीचा छोटा क्लास. मी कुशीवर. तिला जागा नीट समजावी म्हणून सिस्टरनी माझ्या कमरेच्या खाली लाल लिपस्टिकने गोल काढला, जखमेएवढा. त्या गोलावर रोज पट्टी बांधायची आणि सोडायची. एक दिवस मी तो पुसायला विसरलो. रात्री बायको म्हणते, "अवो, तुमच्या पाठीवर ह्यो काय हाय?" आता लिपस्टिक, आणि तीही असल्या जागी. मी सांगितलं, वैशालीच्या नवऱ्याची जखम आहे. कोणती बाई हे ऐकून घेईल? ती तशीच वर गेली भांडायला. मी खाली देवाचं नाव घेत बसलो. बऱ्याच वेळाने आली ती नाक पुसत. सिस्टरनी तिला जखमेचे फोटो दाखवले होते. दुसऱ्या दिवसापासून मी वर निघालो की ती म्हणायची, "नीट झोपा. त्या पोरीला नीट दिसला पायजे."

आणि खरंच ती भरायला लागली. सिस्टरना एवढं खूश मी कधी बघितलं नाही. बाकीच्या बायका नातवाचे फोटो दाखवतात तशा या जखमेचे दाखवायच्या. "बघ, कडा कशी गुलाबी झालीये." सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याच्या टाकीचं विचारायला आला, त्याला दाखवले. गुजराती माणूस, जैन, तो बिचारा जिन्यावरच बसला. म्हणाला, "बेन, टांकीनुं पछी," आणि टाकीचं तसंच ठेवून गेला. तिकडे वैशालीचा कॅमेरा आता कायम चालू. तिचा नवरा पण कधी कधी बोलायचा. बारीक आवाज. एकदा मला म्हणाला, "पेशंटकाका, माझ्यामुळे तुमची झोप मोडते." मी म्हटलं, "भावा, मी झोपूनच असतो." तो हसला. दोन्ही बाजूंनी.

मोठ्या कोर्सचा शेवटचा धडा राहिला होता. माणूस गेल्यावर काय करायचं त्याचा. सिस्टरचं म्हणणं, हा धडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या वेळी घरातले रडत असतात आणि सांभाळायला ठेवलेल्या बाईकडे सगळे बघतात. मला म्हणाल्या, उद्या तू गेलेला. मी म्हटलं, सिस्टर, कोमापर्यंत ठीक आहे. पुढचं जमणार नाही. बायको तर हे ऐकून दारातच उभी राहिली. "जित्या मानसानं असला सोंग घ्यायचा न्हाय. आमचा कपाल फोडायचा हाय का?" मला वाटलं होतं सिस्टर ओरडतील. ओरडल्या नाहीत. त्यांनी तो धडा तोंडीच घेतला. आधी हे, मग ते, मग हे. बायकांनी लिहून घेतलं. पण क्लास संपल्यावर त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. म्हणाल्या, "असं शिकवून नाही येत रे. हाताला कळावं लागतं." मी दाराकडे बघत बसलो. भीती वाटते त्याला काय करणार.

मग तिकडे वैशालीच्या नवऱ्याला ताप आला. जखमेचा नाही, ती तर आता रुपयाएवढी राहिली होती. छातीत कफ भरला. तालुक्याला नेला, ॲडमिट केला, मग त्यांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. सिस्टर फोनवर रोज विचारायच्या, श्वास कसा आहे, ओठांचा रंग कसा आहे. फोन ठेवल्यावर मला काही सांगायच्या नाहीत.

एका दुपारी मी नेहमीसारखा वर गेलो. सिस्टरनी नुकताच मोबाईल दांडीला बांधलेला. वाजला. वैशालीच. रडत नव्हती. म्हणाली, "सिस्टर, ते गेले. आता आधी काय करू?"

"घरात कोण आहे?"

"सासूबाई बाहेर पडवीत. भावकीतली माणसं यायला लागलीत. अंगणात पाणी तापायला ठेवलंय. ते आंघोळ घालतील सगळ्यांसमोर." मग तिचा आवाज फुटला. "सिस्टर, तापात दोन दिवस कूस नीट बदलता आली नाही. पट्टी भिजलीये. वास येतोय. सगळ्यांसमोर ती सुटली तर म्हणतील, हिने नवऱ्याला कुजवला. आठ महिने मी... ते तसंच म्हणतील सिस्टर."

"दार लोटून घे," सिस्टर म्हणाल्या. "सासूला सांग, कपडे बदलतेय. पाणी तापेपर्यंत आपल्याला वेळ आहे. मोबाईल कुठेतरी टेकव आणि माझे हात बघ."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला काढल्या आणि जाऊन झोपलो.

हे मी काय मोठेपणा म्हणून सांगत नाही. माझे पाय लटलट कापत होते आणि मेलेल्याचे कापत नाहीत, म्हणून सिस्टरनी माझ्या पावलांवर एक हात दाबून ठेवला होता. मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या पापण्यांवर बोटं ठेवली आणि बोलायला लागल्या. न ओरडता. इतक्या दिवसांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता. "आधी डोळे. हलकेच, थोडा वेळ धरून ठेव. आता हनुवटी. मऊ कापड घे, खालून वर, डोक्यावर गाठ. घट्ट नको. आता लघवीची नळी काढ, शिकवलं होतं तशी, आधी तिच्या आतल्या फुग्यातलं पाणी काढून. आता हात सरळ. आणि वैशाली, गप्प राहून करू नकोस. काय करतेयस ते त्याला सांगत जा. रोज सांगायचीस ना?"

मला काही दिसत नव्हतं. हनुवटी बांधलेली. नुसतं ऐकू येत होतं. मग मोबाईलमधून तिचा आवाज आला, अगदी साधा, रोजचा.

"अहो, कूस बदलते हां. डावीकडे."

सिस्टरनी मला डावीकडे वळवलं.

"अहो, पट्टी काढते. थोडं ओढल्यासारखं होईल."

सिस्टरनी माझ्या कमरेखाली हात नेला. "कोमट पाण्याने पूस. आतून बाहेर. कोरडं कर. आता कापूस, जाड. त्यावर गॉज. आता चारी बाजूंनी चिकटपट्टी, एकही कड उघडी नको, म्हणजे पाणी गेलं तरी सुटणार नाही. दाबून बघ. सुटतेय?"

"नाही सिस्टर."

"वास?"

"नाही."

"छान. आता धुतलेलं धोतर. आणि केस."

ती केस विंचरत असताना तिकडे दारावर थाप पडली. माणसं आत आली. मोबाईल खिडकीत टेकवलेला तसाच राहिला, तिला बंद करायचं सुचलं नसेल. आम्हाला पायांचे आवाज आले, त्याला उचलून बाहेर नेल्याचे. मग अंगणातून पाण्याचा आवाज. मी अजून तसाच पडलेला, कुशीवर, आणि सिस्टरचा हात माझ्या पाठीवर. तिकडे कोणीतरी म्हणालं, "ह्या पट्टी हाय, काढू काय?" आणि एक म्हाताऱ्याचा आवाज, "न्हाय, र्‍हाऊंदे तशीच. बग की, पोरीनं किती साफ ठेवलान त्याला." मग पाण्याचा आवाज वाढला आणि नेट गेलं.

सिस्टरनी मला उताणा केला. मला वाटलं आता म्हणतील, ऊठ. त्यांनी हनुवटीची गाठ सोडली नाही. फडकं पिळल्याचा आवाज आला, आणि माझं तोंड पुसायला घेतलं, कानामागे, मानेला. मग हात, एक एक बोट. मोबाईल बंद होता, बघणारं कोणी नव्हतं, कोणाला शिकवत नव्हत्या. मी डोळे किलकिले केले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्याच. म्हणजे बघत होत्या, पण मला नाही. त्यांच्यामागे भिंतीवर त्यांच्या मिस्टरांचा फोटो आहे. दाट केस, डावीकडे भांग. करोनाच्या पहिल्या लाटेत गेले. या स्वतः दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये कोविडच्या वॉर्डात ड्युटीवर. लोकांची माणसं या नीट करून, झाकून, पाठवत होत्या, आणि यांच्या माणसाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून चेन लावून परस्पर नेलं. तोंड बघायला दिलं नाही. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे हे. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

त्यांनी कंगवा घेतला. आता माझ्या डोक्यावर केस नाहीत. कानावर थोडे आहेत, तेही नसल्यासारखे. टक्कल म्हणजे अगदी गुळगुळीत, पॅसेंजर मागून चेष्टा करतात. त्या टकलावर त्यांनी कंगवा ठेवला आणि डावीकडे भांग पाडायला लागल्या. सावकाश. एकदा, मग पुन्हा नीट करत. ओठ हलत होते. ऐकू काही आलं नाही, पण मला वाटतं सांगत होत्या, काय करतायत ते.

खाली माझ्या बायकोने हाक मारली, जेवण वाढलंय म्हणून. दुसऱ्यांदा मारली. सिस्टर दचकल्या, कंगवा थांबला. "ऊठ रे," त्या म्हणाल्या. "झालं. जेवायला जा."

हनुवटी बांधलेली, त्यामुळे नीट बोलता येत नव्हतं. मी दातांतल्या दातांत म्हटलं, "असू दे सिस्टर. घाई नाही मला." आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने कंगवा पुन्हा फिरायला लागला.